सणाची यादी आणि सात ते अकराचा बाजार

गुढीपाडव्याची यादी तशी लहान असते. साखरेच्या गाठ्या, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, झेंडू, गुढीला नवं वस्त्र, पुरणाची डाळ आणि गूळ. २०२० साली ही एवढीशी यादीही आमच्या शहरातल्या अनेक घरांत अर्धीच राहिली. पाडवा होता बुधवारी, २५ मार्चला. त्याआधी रविवारी जनता कर्फ्यू झाला, सोमवारी राज्यभर संचारबंदी लागली आणि मंगळवारी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. ती मध्यरात्रीपासून अमलात आली. नववर्षाचा पहिला दिवस आणि टाळेबंदीचा पहिला दिवस एकच ठरला. अंतर ठेवा असं ज्या भाषणात सांगितलं, ते संपताच देशभर लोक पिशव्या घेऊन किराणा दुकानांसमोर दाटीवाटीने उभे राहिले.

छत्रपती संभाजीनगर हे नाव शहराला अधिकृतपणे २०२३ मध्ये मिळालं. ही हकिकत ते औरंगाबाद असतानाची आहे. कोविड साथीच्या दोन वर्षांकडे मागे वळून पाहताना आपण बहुतेक वेळा रुग्णालयं आठवतो: घाटी, चिकलठाण्याचं मिनी घाटी, मेल्ट्रॉनच्या इमारतीत उभं राहिलेलं कोविड रुग्णालय. ते योग्यच आहे. पण साथीची गती बरीचशी त्याआधीच ठरत होती, औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत, जाधववाडीत, जुन्या मोंढ्यात आणि गल्लीतल्या वाण्याच्या ओट्यावर. शासनाच्या आदेशांत दोन वेगळे रकाने होते, ‘जीवनावश्यक’ आणि ‘धार्मिक-सामाजिक’. घरात मात्र यादी एकच असते. आषाढीच्या आदल्या दिवशी साबुदाणा आणि भगर जीवनावश्यक असतात, रमजानच्या संध्याकाळी खजूर जीवनावश्यक असतो. सणाचा मोठा भाग म्हणजे बाजारहाट, आणि हे धोरणात फार कमी वेळा लक्षात घेतलं गेलं.

मोठा सोहळा थांबवणं त्यामानाने सोपं गेलं. पैठणची नाथषष्ठी हे त्याचं पहिलं उदाहरण. फाल्गुन वद्य षष्ठीला संत एकनाथांच्या समाधिदिनी गोदाकाठी लाखो वारकरी जमतात. मार्च २०२० च्या मध्यावर, टाळेबंदी लागण्याच्या काही दिवस आधीच, प्रशासनाने ही यात्रा रद्द केली. निर्णय एक, जागा एक, तारीख एक. वारकऱ्यांना तो जड गेला, पण त्यांनी तो मानला. बाजाराचं तसं नसतं. तिथे रोज सकाळी लाखभर घरं स्वतंत्रपणे ठरवतात की आज काय संपलंय आणि कधी बाहेर पडायचं. तिथे एका सहीने काही होत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत लोकांची भीती वस्तूंना चिकटली होती. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवायची, दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, नोटांवरून इस्त्री फिरवायची. १८ एप्रिल २०२० ला राज्य सरकारने वर्तमानपत्रं घरोघरी टाकण्यावरही बंदी घातली. तिची उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारने काही दिवसांतच बराचसा भाग मागे घेतला. पुढे पुरावे साचत गेले तसं चित्र बदललं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये मांडलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. मुख्य वाट हवेची होती. बाधित माणूस श्वास सोडतो, बोलतो, गातो, तेव्हा अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत साचत जातात. अंगणात तोच धूर क्षणात पांगतो.

गाण्याचा मुद्दा सणांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट परगण्यात १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर होते, त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. निश्चित आणि संभाव्य असे मिळून ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. कोणी कोणाला मिठी मारली नव्हती. बंद दिवाणखान्यातली दहा घरांची एकत्र आरती, भजनाची बैठक, दाटीवाटीतलं कीर्तन यांना हाच हिशेब लागू पडतो. जोरात उच्चारलेला प्रत्येक शब्द साध्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त थेंब हवेत सोडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस, क्वचित चौदा. त्यानंतर चाचणी, अहवाल, आणि प्रकृती बिघडलीच तर आणखी आठवड्याने खाट. म्हणजे आज बाजारात झालेल्या गर्दीचा आकडा रुग्णालयात दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर एखादा सण येऊन गेलेला असतो आणि दोष त्या सणावर जातो. पण दिनदर्शिका पुढे ठेवून पाहिलं तर हा आरोप टिकत नाही. २०२० ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर झाली, बाजार भरले, घरोघरी फराळ झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात मोठी लाट आली नाही. ती आली फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये, जेव्हा कोणताही मोठा सण नव्हता. होती ती लग्नसराई, सैल पडलेली सावधगिरी आणि विषाणूचं बदललेलं रूप. विषाणूला तिथी कळत नाही. त्याला बंद जागा, वेळ आणि माणसांची दाटी लागते.

दाटी कशी तयार होते, याचं गणित सोपं आहे आणि मला वाटतं ते प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावायला हवं होतं. एक किराणा दुकान कल्पून पाहू. दिवसाला २४० गिऱ्हाइकं येतात, प्रत्येक जण दहा मिनिटं थांबतो. दुकान बारा तास उघडं असेल तर कोणत्याही क्षणी तिथे सरासरी तीन-चार माणसं असतील. तेच दुकान चार तास उघडं ठेवलं तर दहा. प्रत्येक गिऱ्हाइकाची ज्यांच्याशी गाठ पडते त्यांची संख्या साधारण सातवरून वीसवर जाते. आणि हे रांग न लागता. आता प्रत्येकाचं सामान मोजून द्यायला दोन मिनिटं लागतात असं धरा. बारा तासांत ३६० जणांचं काम होऊ शकतं, म्हणून रांग फारशी वाढत नाही. चार तासांत फक्त १२० जणांचं होतं. उरलेले १२० रांगेत उभे राहून हात हलवत परत जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच येऊन बसतात.

हे गणित कोणालाच सुचलं नव्हतं असं नाही. टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० ला, राज्य सरकारने जीवनावश्यक वस्तूंची दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली होती, आणि कारण हेच दिलं होतं की गर्दी होऊ नये. केंद्राने जनधन खात्यांत महिलांसाठी ५०० रुपये टाकले तेव्हा बँकांसमोरची झुंबड टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस वाटून दिले: ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ एप्रिलला दोन आणि तीन, आणि ९ तारखेपर्यंत असंच पुढे. साधा उपाय, कोणालाही समजणारा. जूनमध्ये ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झालं तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची दुकानं सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला, ही वाटणीही त्याच विचाराची होती.

पण साथ वाढली की प्रशासनाचा हात वेळ कमी करण्याकडे जायचा. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट शिगेला असताना, राज्यभर किराणा, भाजी, दूध यांची दुकानं फक्त सकाळी सात ते अकरा उघडी ठेवायचा आदेश निघाला. या आदेशामागेही कारणं होती. दुपारनंतर रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाला विचारणं पोलिसांना सोपं जातं, खरेदीच्या नावाखाली भटकणारे कमी होतात, आणि दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसालाही थोडं संरक्षण मिळतं. रुग्णालयात प्राणवायूच्या खाटा मिळत नव्हत्या त्या दिवसांत अधिकाऱ्यांना निवांत हिशेब करायला वेळ नव्हता, हेही खरं. तरीही सकाळी साडेदहाला भाजीच्या गाड्यांभोवती जो गराडा पडायचा, तो त्या चार तासांनीच घडवलेला होता. वेळ अर्धी केली की गर्दी अर्धी होते, हा समज चुकीचा आहे. घरातली भूक तेवढीच राहते.

हा आदेश आला तेव्हा रमजान चालू होता. २०२१ चा पहिला रोजा आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी, १४ एप्रिलला आली, आणि त्याच रात्री आठपासून ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागू झाले. भडकल गेटच्या पुतळ्यापाशी जयंतीला उसळणारा जनसागर सलग दुसऱ्या वर्षी दिसला नाही. घरोघरी प्रतिमेला वंदन झालं. रोजा धरणाऱ्या घराचा बाजार संध्याकाळचा असतो. इफ्तारचं फळ, भजी, नान आणि दूध दुपारनंतर घ्यायचं असतं. बुड्डी लेन, शहागंज, रोशन गेट हे भाग तेव्हाच जागे होतात. ती सारी खरेदी सकाळच्या चार तासांत, आधीच भरलेल्या वेळेत, येऊन पडली. घरात फ्रिज असला तर सकाळचं टरबूज संध्याकाळपर्यंत टिकतं. नसला तर टिकत नाही.

त्याच वर्षी १४ मे या एका तारखेला ईद-उल-फित्र, अक्षय तृतीया आणि छत्रपती संभाजी महाराजांची जयंती एकत्र आली. एरवी छावणीच्या ईदगाहपासून क्रांती चौकापर्यंत शहर उतू गेलं असतं. अक्षय तृतीयेला पितरांसाठी केळी-करा, आंबे, वाळा हवा; ईदला शेवया, दूध, सुकामेवा हवा. दोन्ही याद्या, एक सकाळ. लोकांनी नमाज घरी पढली, आमरस घरी केला, शिरखुर्म्यात जे मिळालं ते घातलं. आदल्या वर्षी, २५ मे २०२० च्या ईदला, नवे कपडे घ्यायला बाहेर पडू नका, तो पैसा गरजूंना द्या, अशी आवाहनं समाजातूनच झाली होती. पैठण गेट आणि टिळक पथावरच्या कापड दुकानदारांचा वर्षाचा मोठा हंगाम त्यात बुडाला, ही किंमतही नोंदवायला हवी. त्या वर्षीच्या बकरी ईदला शासनाने जनावरांची खरेदी फोनवर किंवा ऑनलाइन करा आणि शक्य तर प्रतीकात्मक कुर्बानी करा, असं सुचवलं होतं.

यादी एकदम भरता येणं ही ऐपतीची बाब आहे, हे टाळेबंदीने उघडं केलं. महिन्याचं वाणसामान भरणाऱ्या घराला आठवड्यातून एकदाच बाहेर पडा हे सांगणं सोपं आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्याचं घर दिवसाच्या मजुरीवर दिवसाचं तेल-मीठ-पीठ आणतं. त्याला रोज दुकानात जावंच लागतं, आणि मजुरी थांबली की तेही थांबतं. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य, पाच रुपयांना आणि पुढे मोफत मिळालेली शिवभोजन थाळी यांनी पुष्कळ घरं तगली. रेशन दुकानात पॉस मशीनवर लाभार्थ्याचा अंगठा घेणं थांबवून दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायची सोय केली, तीही शहाणपणाची होती. परराज्यातल्या मजुरांकडे बहुधा इथलं रेशनकार्डच नव्हतं. ७ मे २०२० ला बुद्ध पौर्णिमा होती. त्या संध्याकाळी जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे जायला रुळांवरून चालत निघाले. पहाटे करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जणांचा जीव गेला. रुळांवर विखुरलेल्या भाकरींची छायाचित्रं देशाने पाहिली. साथीच्या काळातल्या रोजच्या सामानाविषयी लिहिताना ही घटना ओलांडून पुढे जाता येत नाही, कारण ते निघाले होते ते काम, पगार आणि धान्य, तिन्ही संपल्यामुळे.

२०२० च्या आषाढीला एकनाथ महाराजांच्या पादुका पैठणहून पंढरपूरला एसटी बसने गेल्या, मोजक्या मंडळींसोबत; एरवीचा अडीचेक आठवड्यांचा पायी सोहळा काही तासांत आटोपला. एकादशी १ जुलैला झाली. पाठोपाठ १० ते १८ जुलै शहर आणि वाळूज परिसर नऊ दिवस कडकडीत बंद राहिला. या बंदच्या शेवटी दिनदर्शिका पुन्हा आडवी आली: २० तारखेला सोमवती आणि दीप अमावास्या, २१ पासून श्रावण. नऊ दिवस रिकामे झालेले डबे आणि श्रावणातल्या उपवासांची यादी दोन्ही एकाच वेळी बाजारात उतरली.

मात्र या वेळी महापालिकेने एक चांगली गोष्ट केली. शहर उघडताना व्यापारी, किराणा दुकानदार, भाजी आणि दूध विकणारे यांच्या अँटीजेन चाचण्यांची मोठी मोहीम हाती घेतली. त्यामागचं तर्कशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. गिऱ्हाईक दिवसाला दोन-तीन दुकानांत जातं. दुकानदार दिवसाला दोनशे गिऱ्हाइकांना भेटतो. संसर्गाच्या जाळ्यात तो मधली गाठ असतो. तेवढ्याच चाचण्या सरसकट लोकांवर करण्यापेक्षा या गाठींवर केल्या तर साखळ्या जास्त तुटतात. अँटीजेन चाचणी आरटीपीसीआरइतकी काटेकोर नाही, काही बाधित तिच्यातून निसटतात, पण तिचा निकाल अर्ध्या तासात हातात येतो आणि बाधित माणूस त्याच दिवशी घरी थांबतो. चाचणीची सक्ती म्हणून व्यापारी नाराज झाले, रांगाही लागल्या. तरी बाजार बंद ठेवण्यापेक्षा बाजार तपासणं केव्हाही बरं, असं माझं ठाम मत आहे.

गणेशोत्सवात शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची ठरवली, मिरवणुका बंद केल्या. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघणारी मिरवणूक हा शहराचा मान आहे. ती त्या वर्षी नव्हती. पाठोपाठ अधिक आश्विन आला, म्हणजे धोंड्याचा महिना. लेकी-जावयांना बोलावून अनारशांचं वाण द्यायचे हे दिवस देशातल्या पहिल्या लाटेच्या शिखरावर आले. मोठ्या मंडपांची चर्चा सगळ्यांनी केली. घरातल्या बंद खोलीत आठ-दहा माणसांची पंगत तासभर बसते, तिच्यातला धोका फारसा कोणी सांगितला नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरली नाही. देवीचं दर्शन चुकल्याची हळहळ होतीच, पण पाळणे, खेळणी, बांगड्या, रेवड्या विकणाऱ्यांचं वर्षभराचं गणितही तिथेच मोडलं. प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला.

मार्च २०२१ मध्ये जिल्हा देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत होता. ११ मार्चला, नेमक्या महाशिवरात्रीला, अंशतः टाळेबंदी सुरू झाली आणि शनिवार-रविवार पूर्ण बंद झाले. शनिवार-रविवार बंद म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी झुंबड, हे वर सांगितलेल्या गणिताचंच पुढचं उदाहरण. महिनाअखेरीस जाहीर झालेली पूर्ण टाळेबंदी विरोधामुळे मागे घेतली गेली, तेव्हा लोकांचा संयम संपत आल्याचंही दिसलं.

रोजच्या कामांची ताकद प्रशासनाने पुरेपूर वापरली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. तेव्हा जिल्ह्यात पात्र लोकांपैकी साधारण ५५ टक्क्यांनी लशीची पहिली मात्रा घेतली होती. राज्याचं प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास होतं. जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला की किमान एक मात्रा घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये. अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा पाहायलाही तीच अट. आदेश देशभर गाजला. पेट्रोल आणि पर्यटनाची अट मला समजते. रेशनची अट मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही, कारण तिचा भार ज्याच्या घरात साठा नाही त्याच्यावरच सर्वांत आधी पडतो.

त्याच सुमारास घेतलेला दुसरा निर्णय मात्र कमी गाजला. गावपातळीवर लसीकरण संध्याकाळीही सुरू ठेवायचं ठरलं. पैठण, सिल्लोड, वैजापूरच्या शेतांत तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. बाया-माणसं सकाळीच वेचणीला जात आणि दिवस मावळताना परतत. दुपारच्या केंद्रावर जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. संध्याकाळी केंद्र उघडं असलं तर हातपाय धुऊन, वाटेत तेल-मीठ घेऊन लसही टोचून घेता येत होती.